कंपनीचे गाव की कामगारांचे शहर? पिंपरी-चिंचवडची ओळख नेमकी कोणी घडवली?

पवनाकाठ (चर्चेचा प्रस्ताव)

गेल्या महिन्यात नात्यातल्या एका साखरपुड्यात मुलाकडच्या ज्येष्ठ गृहस्थांनी माझ्या वडिलांना रीतीप्रमाणे "आपण मूळचे कुठले?" असे विचारले आणि वडिलांनी क्षणभरही न अडखळता "आम्ही टेल्कोचे" असे उत्तर दिले. वडिलांचा जन्म खटाव तालुक्यातला आहे, गावी चुलत्यांचे घर आणि दोन एकर जिराईत अजून आहे, त्यांना निवृत्त होऊन सतरा वर्षे झाली, आणि ज्या नावाने त्यांनी स्वतःची ओळख सांगितली ते नाव तर कंपनीने स्वतःच २००३ मध्ये टाकून दिले आणि ती 'टाटा मोटर्स' झाली. तरीही समोरच्या गृहस्थांना ते उत्तर पुरेसे वाटले. "आमचे मेहुणे बजाजचे" असे म्हणून त्यांनीही पुढचे बोलणे सुरू केले. गावाच्या जागी कंपनीचे नाव सांगणारी ही पिढी घडली कशी, हा प्रश्न तेव्हापासून मनात आहे.

पिंपरी-चिंचवड हे कारखान्यांनी वसवलेले शहर आहे, असे आपण सर्रास म्हणतो. माझे मत वेगळे आहे आणि त्यावर वाद व्हावा, म्हणूनच ते येथे मांडतो. कारखान्यांनी येथे रोजगार आणला, पण शहर वसवले ते कामगारांनी, आणि कामगारांची जी टिकाऊ ओळख निर्माण झाली ती कंपनीने घरे न दिल्यामुळे झाली.

तुलनेसाठी आधी खरी कंपनीची गावे पाहावीत. साकची या खेड्याच्या परिसरात टाटांनी पोलाद कारखाना उभारला, १९१२ मध्ये तेथे पोलाद तयार होऊ लागले आणि १९१९ मध्ये व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांनी त्या वस्तीला जमशेदपूर हे नाव दिले. रस्ते, पाणी, रुग्णालय, शाळा, घरे हे सर्व कंपनीचे; आठ तासांचा कामाचा दिवसही तेथे १९१२ पासूनच होता, ही त्या काळाच्या मानाने फार मोठी गोष्ट होती. परंतु मूळ जमशेदपूरचा कारभार इतक्या वर्षांत लोकांनी निवडलेल्या महापालिकेकडे कधी गेला नाही, हेही तितकेच खरे आहे. आपल्या बाजूला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली, तर १९३०च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंद यांच्या साखर कारखान्याभोवती वालचंदनगर उभे राहिले. आपल्या शहरात या जातीची वसाहत म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची, म्हणजे सर्वांच्या तोंडच्या 'एच. ए.'ची कॉलनी. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने स्थापन झालेल्या या सरकारी कारखान्यात पुढच्याच वर्षी पेनिसिलिन तयार होऊ लागले आणि त्याच्या आवारालगत घरे, शाळा, मैदान असे एक नेटके जग निर्माण झाले.

टेल्कोने मात्र पुण्यात असे काही केले नाही. जमशेदपूरला टेल्कोची भली मोठी कॉलनी आहे. साठच्या दशकात ही कंपनी पिंपरीला आली, तेव्हा तशी नगरी येथे उभी राहिली नाही. कामगार भोसरी, पिंपरी, आकुर्डीच्या चाळींत भाड्याने राहिला, पतपेढीचे कर्ज काढून आणि सोसायटी करून त्याने पुढे शाहूनगर, संभाजीनगर, यमुनानगर, इंद्रायणीनगर अशा वस्त्यांत घर केले. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या गावांची मिळून ४ मार्च १९७० रोजी नगरपालिका झाली, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आले आणि ११ ऑक्टोबर १९८२ रोजी महापालिका झाली. म्हणजे नळाला पाणी आले नाही तर येथील कामगाराला व्यवस्थापकाच्या दारात जावे लागत नव्हते. तो नगरसेवकाच्या दारात जाऊन भांडू शकत होता. कंपनीच्या गावातला कामगार पगार आणि पाणी एकाच दारातून घेतो. आपल्या कामगाराची ही दोन दारे वेगळी होती, आणि माझ्या मते त्याच्या ताठ कण्याचे कारण त्यातच आहे.

यावर असे विचारता येईल की, मग वडील 'यमुनानगरचे' असे का म्हणाले नाहीत. या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही, हे मान्य करतो.

टूलरूमवाला

आपण ज्या प्रश्नाचे उत्तर नाही म्हणता, त्यातच आपल्या संपूर्ण मांडणीचा पराभव आहे. आपले वडील वस्तीचे नाव सांगत नाहीत, कारण वस्तीने त्यांना घडवलेले नाही. मी त्याच कंपनीत अप्रेंटिस म्हणून लागलो आणि टूलरूममधून, म्हणजे जेथे कारखान्याची हत्यारे आणि साचे घडतात त्या विभागातून, निवृत्त झालो, त्यामुळे हे मी ऐकीव सांगत नाही.

पिंपरीचा कारखाना साठच्या दशकात सुरू झाला, पण तेथून पहिली व्यापारी गाडी बाहेर पडली ती १९७७ मध्ये. मधल्या दहा वर्षांत तेथे काय चालले होते, याचा विचार आपण केला आहे का? यंत्रे बनवणारी यंत्रे, डाय म्हणजे साचे, आणि काम पकडून ठेवणारी जिग आणि फिक्स्चर तयार होत होती, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे माणसे तयार होत होती. कंपनीचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांनी त्या उजाड माळावर झाडे लावून घेतली आणि तळे केले, याच्या गोष्टी सर्वांना ठाऊक आहेत; परंतु ज्या मुलांनी आयुष्यात विळा आणि नांगर सोडून दुसरे हत्यार धरले नव्हते, त्यांना मायक्रोमीटर हातात देऊन मिलिमीटरचा शंभरावा भाग म्हणजे काय हे शिकवले, ती लागवड मला झाडांपेक्षा मोठी वाटते. अप्रेंटिसच्या पहिल्या काही महिन्यांत आम्हाला एका लोखंडी ठोकळ्याला फक्त कानस मारायला लावत. ठोकळा काटकोनात आला की नाही, हे गुण्या लावून प्रकाशाकडे धरून पाहायचे आणि किंचितही उजेड दिसला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. घरी गेल्यावर दाराच्या चौकटीकडे पाहतानाही डोळा तोच उजेड शोधू लागे. अशी नजर ज्याला मिळाली, तो स्वतःला टेल्कोचा म्हणवणार नाही तर कोणाचा म्हणवणार?

भोसरीच्या एमआयडीसीत एखाद्या लहान वर्कशॉपमध्ये जाऊन मालकाला विचारून पाहा. तो कोणत्या ना कोणत्या मोठ्या कारखान्यातून शिकून बाहेर पडलेला निघण्याची शक्यता फार मोठी आहे. कंपनीने घरे दिली नाहीत हे खरे, पण कसब दिले. घर विकता येते, कसब विकता येत नाही, आणि लग्नाच्या बैठकीत माणूस सांगतो ते कसबाचे घराणे.

आणखी एक. आपण नगरसेवकाच्या दारात जाऊन भांडण्याचा अभिमान सांगता, पण ती महापालिका चालत होती कशावर? जकातीवर. कारखान्यांत येणाऱ्या कच्च्या मालाची जकात होती म्हणूनच आपण 'आशियातली सर्वांत श्रीमंत महापालिका' अशी फुशारकी १ एप्रिल २०१३ ला जकात बंद होईपर्यंत मिरवत होतो. आपली दोन दारे आतून एकाच वाड्याची होती.

गावठाण

वरील दोन्ही सन्माननीय सदस्यांचे लिखाण वाचताना असे वाटते की, हे शहर होण्यापूर्वी येथे माळ होता आणि माळावर कोणीही राहत नव्हते. 'उजाड माळ' हा शब्द टूलरूमवाल्यांनी किती सहज वापरला आहे! त्या माळावर आमची ज्वारी, बाजरी आणि हरभरा होत असे. चिंचवडला मोरया गोसावींची समाधी कारखान्यांच्या कितीतरी शतके आधीपासून आहे, आणि चापेकर बंधूही याच गावचे. भोसरीच्या भैरवनाथाच्या यात्रेला कोणत्याही कंपनीने सुट्टी द्यावी लागली नव्हती.

राज्यात औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले आणि येथे जमिनींचे संपादन सुरू झाले. नंतर प्राधिकरणासाठी आणखी जमीन गेली. प्राधिकरणाचा हेतू कामगारांना परवडेल असे भूखंड आणि घरे देणे हा होता, तो चांगलाच होता, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना साडेबारा टक्के जमीन परतावा म्हणून देण्याचा प्रश्न किती निवडणुका पुरला, हे येथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. २०२१ मध्ये प्राधिकरणच विलीन झाले. आमच्याही घरची जमीन एका संपादनात गेली. कोणत्या, ते सांगण्याचे कारण नाही. आजोबांनी मिळालेल्या पैशांतून दहा खोल्यांची एक चाळ बांधली. आज ज्यांना 'कामगार संस्कृती' म्हणतात त्यातले कितीतरी जण अशाच दहा-दहा खोल्यांत प्रथम राहिले. त्यांची ओळख कंपनीने घडवली असेल किंवा त्यांनी स्वतः घडवली असेल, पण त्या ओळखीवरचे पत्रे आमचे होते.

पवनाकाठ यांच्या नागरिकत्वाच्या मांडणीबद्दल इतकेच विचारतो: कामगारांनी शहर वसवले म्हणता, तर महापालिकेच्या राजकारणात कामगार संघटनांपेक्षा गावकी आणि भावकीचे वजन एवढे का राहिले? तीन पाळ्यांत काम करणाऱ्या माणसाला वॉर्डाच्या बैठकीला यायला वेळ नव्हता, हे त्याचे खरे उत्तर आहे. तो मत देऊन नाइटला जात असे.

पवनाकाठ

गावठाण यांचा शेवटचा परिच्छेद माझ्या मांडणीला सर्वांत जड जाणारा आहे, हे प्रामाणिकपणे सांगतो. तरीही एक भेद करावासा वाटतो. सत्ता कोणाच्या हाती गेली हा एक प्रश्न आहे आणि मागण्याचा हक्क कोणाला वाटला हा दुसरा. माझ्या आईने पाण्याच्या टाकीसाठी वॉर्ड कार्यालयात अर्ज दिला तेव्हा तिला वडिलांच्या नोकरीची भीती वाटली नाही. कंपनीच्या कॉलनीत ती वाटली असती.

जकातीचा मुद्दा मान्य आहे. परंतु कर भरणारा आणि मालक यांत फरक असतो. जकात कंपनीने भरली म्हणून रस्त्याच्या कामाची निविदा कंपनीने काढली नाही.

क्वार्टरबाहेर

या चर्चेत कॉलनीत वाढलेले कोणी बोललेले नाही, म्हणून लिहिते. वसाहत कोणाची, हे सांगण्याची गरज नाही. अशा अनेक होत्या आणि बहुतेकांचे नियम सारखेच होते.

कॉलनीने मला काय दिले ते आधी सांगायला हवे, नाहीतर अन्याय होईल. दहा मिनिटांच्या अंतरावर शाळा, खेळायला मैदान, अंधार पडल्यावरही मुलींना फिरता येईल असे रस्ते, दवाखाना, वाचनालय आणि गणेशोत्सवातले नाटक. शेजारी तमिळ, मल्याळी, पंजाबी, बंगाली कुटुंबे होती, त्यामुळे दहाव्या वर्षापर्यंत आडनावावरून जात ओळखण्याची विद्या मला येत नव्हती. जात नव्हती असे नाही. तिच्या जागी क्वार्टरचा टाइप होता. 'ए' टाइपमधल्या मुलीने 'डी' टाइपमधल्या मुलीच्या वाढदिवसाला जाताना आई फ्रॉक दोनदा इस्त्री करत असे. साहेबांची घरे झाडांच्या बाजूला, कामगारांची रस्त्याच्या बाजूला. नकाशा काढणाऱ्यानेच आमची उतरंड रंगवून ठेवली होती.

मी बारावीत असताना वडील सेवेत असतानाच गेले. क्वार्टर रिकामे करण्यासाठी काही महिन्यांची मुदत मिळाली, माझी परीक्षा होईपर्यंत ती वाढवूनही मिळाली, आणि मग एका रविवारी टेम्पो आला. माणसे वाईट नव्हती. निरोप द्यायला सगळी लेन आली होती. पण त्या दिवसानंतर शाळेच्या अर्जावर, बँकेत, रेशन कार्डावर आम्ही कोठले हे लिहिताना आईचा हात थांबू लागला. पवनाकाठ म्हणतात ते मला येथपर्यंत पटते: कंपनीने दिलेले घर नोकरीएवढेच लांब असते.

परंतु त्यांच्या पुढच्या निष्कर्षावर माझा आक्षेप आहे. 'टेल्कोचे' असे अभिमानाने सांगणारी ही ओळख पुरुषांची होती. १९७४ मध्ये याच कंपनीच्या नोकरीच्या जाहिरातीत महिलांनी अर्ज करू नये असे छापलेले पाहून सुधा मूर्ती यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडले आणि त्या पुण्याच्या कारखान्यात रुजू झाल्या, ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. पण त्या कारखान्यात बाईने असणे हीच मुळात गोष्ट व्हावी, याकडे दुर्लक्ष करतो. त्याच दशकात टेल्कोतील कामगारांच्या घरच्या स्त्रियांची गृहिणी संस्था पुण्यात उभी राहिली. मसाले आणि पापडांपासून सुरुवात करून या स्त्रिया पुढे गाड्यांच्या वायरिंगचे हार्नेस, म्हणजे तारांचे जुडगे, बनवू लागल्या. त्या हार्नेसने गाडीचे दिवे लागत होते. तरी टूलरूमवाल्यांच्या 'कसबाच्या घराण्यात' त्यांचे नाव येत नाही, आणि साखरपुड्यात "आम्ही हार्नेसच्या" असे कोणी म्हणत नाही.

टूलरूमवाला

क्वार्टरबाहेर यांचा आक्षेप मी निमूटपणे स्वीकारतो. माझ्या पत्नीने अशाच कामात अकरा वर्षे काढली आणि मी वर लिहिताना ते माझ्या ध्यानातही आले नाही. तिने प्रतिसाद वाचला आहे. अधिक लिहीत नाही.

करारनामा

चर्चा शिक्षण आणि घरे यांभोवती फिरत आहे, आणि कामगार चळवळीचा साधा उल्लेखही आतापर्यंत झालेला नाही. कामगाराची सामूहिक ओळख गेट मीटिंगमध्ये घडते, प्रशिक्षण केंद्रात किंवा सोसायटीच्या वार्षिक सभेत नव्हे. दर काही वर्षांनी होणारा वेतन करार हाच या शहराचा खरा सण होता. करार झाला की पिंपरीच्या बाजारात फ्रीज आणि दुचाकींची विक्री वाढत असे, आणि एका कंपनीचा आकडा फुटला की दुसऱ्या कंपनीच्या गेटवर त्याच आकड्याची मागणी सुरू होत असे. 'आम्ही' हा शब्द कामगाराला या आकड्यांनी शिकवला.

त्याची सर्वांत मोठी परीक्षा १९८९ मध्ये झाली. राजन नायर यांच्या नेतृत्वाखालील टेल्को कामगार संघटना आणि व्यवस्थापन यांच्यातील संघर्ष टोकाला गेला आणि सप्टेंबर १९८९ मध्ये हजारो कामगार शनिवारवाड्यासमोर उपोषणाला बसले. पेशव्यांच्या वाड्यासमोर, जेथे एरवी सभा आणि सहली होतात, तेथे पिंपरीचा कामगार पुणेकरांनी प्रथमच एवढ्या संख्येने पाहिला. महिनाअखेरीस पोलिसांनी पहाटेच्या सुमारास त्यांना उचलून नेले आणि आंदोलन मोडले. त्यानंतर या पट्ट्यातील संघटनांचा आवाज पूर्वीसारखा राहिला नाही, असे माझे निरीक्षण आहे. पवनाकाठ यांनी वडिलांना एवढेच विचारावे की, त्या सप्टेंबरात ते कोठे होते. 'टेल्कोचे' या शब्दाचा अर्थ त्या उत्तरावर अवलंबून आहे.

टूलरूमवाला

तो प्रश्न विचारू नये, असे माझे मत आहे. त्या वर्षी दोन संघटना होत्या, कोणी आत कामावर होते आणि कोणी बाहेर, आणि दोन्हीकडच्या माणसांना घरी मुले होती. एकाच पतपेढीचे सभासद, एकाच बसथांब्यावर उभे राहणारे, एकमेकांच्या कर्जाला जामीन असलेले लोक पुढे वर्षानुवर्षे एकमेकांशी बोलले नाहीत. करारनामा यांना ज्यात ओळख घडलेली दिसते, त्यात मला ती चिरलेली दिसते. संघटनेने आम्हाला 'आम्ही' शिकवले हे खरे, तसेच 'ते' हेही शिकवले, आणि 'ते' म्हणजे व्यवस्थापन नव्हते. शेजारच्या मशीनवरचा माणूस होता.

करारनामा

फूट कोणी पाडली, यावर आपले एकमत होणार नाही. पण न बोलण्याची किंमत मोजणारी माणसे एकमेकांना परकी नव्हती, एवढे तरी मान्य करावे. परक्या माणसाशी कोणी अबोला धरत नाही.

देहूरोडकर

थोडे वेगळे नमूद करतो. या पट्ट्यातील श्रमिक वस्त्या केवळ १९६० नंतरच्या कंपन्यांमुळे निर्माण झालेल्या नाहीत. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा आहे, आणि देहूरोडची वस्ती लष्करी डेपोच्या आधाराने वाढली. तेथील कष्टकऱ्यांची ओळख कोणत्या बिल्ल्याने ठरली असे वाटते? २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. नागपूरचा धम्मदीक्षेचा सोहळा त्यानंतर जवळजवळ दोन वर्षांनी झाला. आजही तेथे २५ डिसेंबरला लोक जमतात, आणि त्यांतल्या कोणालाही आपले आजोबा डेपोत कोणत्या विभागात होते, हे सांगण्याची गरज वाटत नाही. पगार देणाऱ्याने ओळख दिली नाही आणि पगार घेणाऱ्यांच्या संघटनेनेही दिली नाही, असे हे उदाहरण आहे. पवनाकाठ, टूलरूमवाला आणि करारनामा या तिघांच्याही चौकटीत ते बसत नाही.

सात महिने

मी चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात काम करतो. मूळचा परभणी जिल्ह्यातला. वरील सर्व प्रतिसाद एका रात्रपाळीच्या सुट्टीत वाचले आणि मला प्रथम हेवा वाटला, हे कबूल करतो. आपण सर्व ज्या ओळखीवरून वाद घालत आहात, ती कोणी दिली असेल ती असो, तुम्हाला मिळाली.

माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर ज्या गाड्या मी जोडतो त्यांच्या कंपनीचे नाव नाही, ठेकेदाराचे आहे. कायद्याने वर्षात २४० दिवस काम भरले की सलग सेवा धरली जाते आणि कामगाराला काही संरक्षण मिळते. म्हणून बहुतेक ठिकाणी सात महिने झाले की 'ब्रेक' मिळतो. सहा वर्षांत मी चार ठेकेदारांकडे आणि पाच कारखान्यांत काम केले. टूलरूमवाल्यांनी ठोकळ्याला कानस मारत काढलेले काही महिने मी वाचले. मला लाइनवर उभे करण्यापूर्वी दोन दिवस शिकवले, कारण माझ्या स्टेशनवर चार बोल्ट लावायचे आणि गन दाबायची, एवढेच असते. ते कसब नव्हे, ती वेळ पाळणे आहे. लग्नासाठी बायोडाटा करताना 'नोकरी' या रकान्यात काय लिहावे यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. शेवटी 'चाकण येथे खाजगी कंपनीत' असे लिहिले. ज्यांच्यासमोर तो गेला त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो "पर्मनंट आहे का?" हाच होता.

२०१३ मध्ये चाकणला बजाजच्या कामगारांनी सुमारे पन्नास दिवस काम बंद ठेवले होते, तेव्हा त्यांची एक मागणी अशी होती की, प्रत्येक कामगाराला कंपनीचे ५०० शेअर एक रुपया दराने द्यावेत. ती मान्य झाली नाही. त्या वेळी मी शाळेत होतो. नंतर कोणाकडून तरी ही हकिकत ऐकली, तेव्हा हसू आले होते. आता वाटते की, ती मागणी पैशांपेक्षा निराळी असावी: आम्ही या कंपनीचे, हे कुठल्या तरी कागदावर यावे.

आमच्यात एकजूट नाही असे नाही. ती गावाच्या नावाने आहे. महाळुंगे आणि खराबवाडीत एकेका गल्लीत एकेका तालुक्याची मुले सापडतात; कोणाचा अपघात झाला तर कंपनीच्या आधी तालुक्याच्या व्हॉट्सॲप गटात बातमी येते आणि रात्रीतून पैसे जमतात. म्हणजे पवनाकाठ यांचे वडील खटाव सोडून टेल्कोचे झाले, आणि मी चाकणला येऊन अधिक परभणीचा झालो.

गावठाण

सात महिने यांना एक विचारतो, रागावू नये. खोलीचे भाडे किती आणि किती जण राहता?

सात महिने

दहा बाय बाराच्या खोलीत सहा जण राहतो. भाडे सहा जणांत वाटतो. गाद्या तीन आहेत, कारण एका वेळी तिघे कामावर असतात. मालक भला आहे. तोही शेतकरीच होता.

पवनाकाठ

काल संध्याकाळी हा सारा धागा मी वडिलांना वाचून दाखवला. करारनामा यांचा प्रश्न वाचला तेव्हा ते खिडकीकडे पाहत राहिले आणि त्या महिन्यात डबा उघडला तरी जेवण जात नसे, एवढेच म्हणाले. आत असताना की बाहेर, हे मी विचारले नाही. टूलरूमवाल्यांचा सल्ला मानला.

माझ्या मूळ मांडणीतला एक भाग मात्र मागे घेतो. घर कंपनीने न देणे ही जर कामगाराच्या ताठ कण्याची अट असती, तर सात महिने यांचा कणा सर्वांत ताठ असायला हवा होता, कारण त्यांना कोणीच काही दिलेले नाही. माझ्या वडिलांची दोन दारे वेगळी होती हे खरे, पण त्यांतले एक दार 'कायम' या शब्दाचे होते आणि ते मी गृहीतच धरले होते. देहूरोडकर यांच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही.

वडिलांनी सर्वांत जास्त लक्ष दिले ते खोलीच्या हिशेबाकडे. १९७१ मध्ये भोसरीला आल्यावर तेही असेच राहिले होते, त्याला 'कॉट बेसिस' म्हणत. आठ माणसे, चार खाटा, आणि पहिल्या पाळीचा माणूस उठला की त्याच्या उबेतच तिसऱ्या पाळीचा येऊन झोपे. त्यांच्या खाटेवरचा जोडीदार सांगोल्याचा होता. दोघांची पाळी नेहमी उलट असल्यामुळे तीन महिने त्याचा चेहराही त्यांनी नीट पाहिला नव्हता, आणि सहा महिन्यांनी तो दुसऱ्या कारखान्यात गेला. वडिलांनी सात महिने यांना निरोप दिला आहे तो असा, की उशी तरी प्रत्येकाने आपापली ठेवावी.